मैदान आखूड असल्याच्या आक्षेपाबाबत आमचे उत्तर

महोदय,

बारा वर्षांखालील संघाच्या सरावासाठी आपण आमचे बेसबॉलचे लहान मैदान घेतले होते. आपले आक्षेप तीन आहेत: बेसमधले (धावणाऱ्याने गाठायच्या चार ठाण्यांमधले) अंतर ९० फूट नाही, फलकावरचे ६० फूटही टेपवर ५८ फूट ९ इंचच भरले, आणि पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, पट्टी होम प्लेट (फलंदाजाजवळचा बेस) आणि सेकंड बेस यांच्या मधोमध नसून सेकंड बेसकडे सरकलेली आहे. यावरून आपण फसवणुकीचा निष्कर्ष काढून भाडे परत मागितले आहे. ही मागणी आम्हाला मान्य करता येत नाही.

९० फुटांचा चौकोन हायस्कूल, महाविद्यालय आणि व्यावसायिक खेळाडूंसाठी असतो. त्यात होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंतचा कर्ण १२७ फुटांहून अधिक भरतो, आणि चोरटी धाव (पिचर चेंडू फेकत असतानाच पुढच्या बेसकडे धावणे) रोखण्यासाठी कॅचरला, म्हणजे होम प्लेटमागच्या खेळाडूला, चेंडू तेवढा लांब, तोही क्षणार्धात फेकावा लागतो. बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्याकडून ही अपेक्षा कोणताही जाणता प्रशिक्षक करणार नाही. म्हणूनच लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत या वयाला बेस ६० फुटांवर आणि होम प्लेटपासून पिचिंगचे अंतर ४६ फूट ठेवलेले आहे.

टेपविषयी सांगायचे तर, फर्स्ट आणि थर्ड बेसच्या गाद्या चौकोनाच्या आत बसतात, त्यामुळे अंतर होम प्लेटच्या मागच्या टोकापासून गादीच्या पलीकडच्या कडेपर्यंत धरतात. आपण अलीकडच्या कडेपर्यंत मोजलेत. गादी १५ इंचांची आहे, आणि आपल्या आकड्यात नेमके तेवढेच कमी आहेत.

पिचरच्या पट्टीबाबत आपले निरीक्षण मात्र अचूक आहे, आणि ते फार थोड्यांच्या लक्षात येते. लहान मैदानाचा कर्ण सुमारे ८५ फूट असल्याने ४६ फुटांवरची पट्टी मध्यबिंदूच्या साडेतीन फूट मागे पडते. मोठ्या मैदानावर ती ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे मध्याच्या सुमारे तीन फूट पुढे असते. या दोन्हींत ती मधोमध नसते.

बाहेरच्या कुंपणाचा उल्लेख आपण ओझरता केला आहे. लहान मुलांसाठी २०० फूट हे प्रचलित अंतर आहे. व्यावसायिक मैदानांतही एकसारखेपणा नाही: १९५८च्या मध्यानंतर बांधलेल्या मैदानांना फाउल लाइनवर (मैदानाच्या बाजूच्या सीमारेषेवर) किमान ३२५ फूट अंतराचा नियम लागू झाला, पण त्याआधीच्या, बॉस्टनमधल्या फेनवे पार्क मैदानात डावीकडची भिंत ३१० फुटांवरच आहे.

आपल्या संघातली काही मुले लवकरच तेरा वर्षांची होतील, असे आपण लिहिले आहे. त्यांच्यासाठी ७० फूट बेस आणि ५० फूट पिचिंग अशी मधली आखणी आहे. तिच्यात पिचरने चेंडू फेकण्यापूर्वी धावणाऱ्याला बेस सोडून पुढे सरकण्याचीही मुभा असते. पुढील वेळी आरक्षण करताना खेळाडूंची वये कळवावीत, म्हणजे बेस त्या अंतरावर बसवून ठेवता येतील आणि आपल्यासमोर पुन्हा मोजून दाखवता येतील.