पाऊण घोडा

"दीड तासात बघून होईल," असं मेहुणा म्हणाला, तेव्हाच मी बूट बदलायला हवे होते.

ठिकाण श्टुटगार्ट, मर्सिडीज-बेंझचं संग्रहालय. मला गाडी रंगावरून ओळखता येते, तीही दिवसा. इथे लिफ्ट तुम्हाला थेट सगळ्यात वर नेऊन सोडते आणि तिथून गोल गोल उताराने 1886 पासून आजपर्यंत यायचं. नऊ मजले, 160 गाड्या. चाकाचा एवढा गौरव, आणि बघणाऱ्याने मात्र पायी!

वर पोचलो तर स्वागताला घोडा. सोबत जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मच्या नावावर सांगितलं जाणारं मत : भरवसा घोड्याचा, मोटारीचं काय, आज आहे उद्या नाही. हा माणूस मला एकदम पटला. पण मेहुण्याने दंडाला धरून मला कार्ल बेंझच्या तीनचाकीपुढे, म्हणजे 1886 च्या त्या पहिल्यावहिल्या मोटारीपुढे उभं केलं.

"दाजी, सिंगल सिलिंडर, 954 सीसी, पाऊण हॉर्सपॉवर!"

"म्हणजे मागचा घोडा पाव घोड्याने सरसच की."

त्यानंतर दोन मजले तो फक्त पाट्यांशी बोलला.

बायको रमली ती बर्था बेंझच्या गोष्टीत. 1888 च्या ऑगस्टमध्ये या बाईने नवऱ्याला न सांगता तसलीच गाडी काढली, दोन मुलं बरोबर घेतली आणि मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरचं फोर्झहाइम गाठलं. म्हणजे माहेर! इंधन संपलं, ते वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला.

"बघितलंत?" बायको म्हणाली. मी घाईघाईने जवळचं एक इंजिन निरखू लागलो. इंजिनच असावं.

पुढचे मजले मी जमेल तिथे टेकून पाहिले. पोपची गाडी तेवढी मनात भरली. काचेच्या खोलीत उभं राहायचं, हात हलवायचा, चालायचं दुसऱ्यांनी.

दीड तासाचे चार झाले. भाड्याच्या गाडीत मेहुणा ऐटीत चाकामागे बसला. समोर खांब, आणि रिव्हर्स काही पडेना. त्याने दांडा ओढला, दाबला, वर उचलला, शेवटी गोंजारला. मागे दोन गाड्या जागेसाठी खोळंबल्या. मी आरशातून त्यांना पोपसारखा हात केला.

मागच्या सीटवर पर्सची चेन उघडल्याचा आवाज झाला.

"सेफ्टी पिन देऊ का रे?" त्याच्या ताईने विचारलं.