रजेचे पैसे नकोत

२०१९ सालची गोष्ट. जर्मनीत नोकरीला लागून मला नऊ महिने झाले होते. सप्टेंबरच्या शेवटी एचआरकडून पत्र आलं: तुमच्या वर्षाच्या ३० दिवस रजेपैकी २६ दिवस शिल्लक आहेत, ते डिसेंबरअखेर घ्या, नाहीतर बुडतील. पत्र वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्याआधी सात वर्षं मी भारतात नोकरी केली होती आणि तिथे शिल्लक रजेचा आकडा ही निष्ठेची पावती समजली जायची. माझं कुठे चुकलं हे विचारायला मी साहेबांकडे गेले. म्हटलं, मला सुट्टीची गरज नाही, काम भरपूर आहे, फार तर रजेचे पैसे द्या. ते म्हणाले, नोकरी चालू असताना कायद्याने ठरलेल्या रजेचे पैसे देताच येत नाहीत. मग त्यांनी कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, "तू नसशील तेव्हा तुझं काम कोण बघेल? नाव आत्ताच ठरवू या."

ते पत्र म्हणजे कंपनीचा चांगुलपणा नव्हता, हे मला पुढे कळलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला होता की कर्मचाऱ्याने अर्ज केला नाही एवढ्याच कारणाने त्याची रजा बुडू शकत नाही. रजा शिल्लक आहे, घेतली नाही तर जाईल, हे मालकाने त्याला आधी स्पष्टपणे सांगायला हवं. फेब्रुवारी २०१९ मध्ये जर्मनीच्या कामगार न्यायालयानेही तेच धरलं. म्हणजे रजा घेतली जाते की नाही, याची जबाबदारी मालकावरही आली. मला हे पचायला बरेच दिवस लागले.

इथला रजेचा कायदा १९६३ चा आहे. आठवड्याला सहा दिवस काम धरून वर्षाला किमान २४ दिवस, म्हणजे पूर्ण चार आठवडे. बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात. पण मला आकड्यापेक्षा त्यातली बारीक कलमं महत्त्वाची वाटतात. रजा शक्यतो सलग द्यावी. तुकडे करावे लागले तर त्यातला एक तुकडा तरी दोन आठवड्यांचा असावा. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला आणलात, तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत, कारण आजारपण म्हणजे विश्रांती नव्हे. रजेच्या काळात विश्रांतीच्या हेतूला बाध येईल अशी दुसरी कमाई करायची नाही. आणि पैसे फक्त नोकरी सुटताना, तेही रजा देणं शक्यच झालं नाही तर. या रजेला कायद्यात जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ होतो 'पूर्ववत होण्याची रजा'. शरीराची झीज भरून यावी म्हणून दिलेले दिवस.

आपल्याकडे तिला 'अर्जित रजा' म्हणतात. कमावलेली. कमावलेली वस्तू साठवता येते, विकता येते, मिरवता येते. माझ्या मते आपली सगळी चूक या एका विशेषणात आहे.

गेली काही वर्षं मायदेशी कामाच्या तासांवरून जोरात वाद चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं आणि रविवारीही काम करण्याचं वक्तव्य गाजलं. दोन्ही वेळा मी इथे बसून ते वाद तासन्‌तास वाचले आणि ज्यांना राग आला त्यांच्या बाजूनेच होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका तसाही इतरांपेक्षा काही वर्षं लवकर येतो. तेव्हा तासांवर भांडायलाच हवं.

पण हे भांडण आठवड्यावर अडकून पडलं आहे. वर्षाचं काय? ४५ तासांचा आठवडा पाळणारी, पण तीन वर्षांत सलग सात दिवस कामापासून दूर न गेलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि ती स्वतःला सुखी समजतात. त्यांच्या रजा जातात कुठे? कुणाच्या आजारपणात, बँकेच्या कामात, शाळेच्या प्रवेशात, घराच्या दुरुस्तीत. एकेक दिवस सुटा. उरलेली जमा होते आणि वर्षअखेरीस तिचे पैसे होतात. विश्रांतीसाठी म्हणून जे दिवस कागदावर होते, त्यातला एकही विश्रांतीत गेलेला नसतो.

रजा साठवता येत नाही असं मी म्हणते ते अक्षरशः शरीराच्या अर्थाने. सुट्टीचा परिणाम मोजणारं बरंच संशोधन नेदरलँड्समध्ये जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आहे. सरासरी २३ दिवस सुट्टीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी सुट्टीआधी, सुट्टीत आणि परतल्यावर तब्येतीविषयी विचारलं. बरं वाटण्याचा आलेख आठव्या दिवसापर्यंत चढत गेला. आणि कामावर परतल्यानंतर पहिल्या आठवड्यातच खाली आला. लोक यातला दुसरा भाग उचलतात आणि म्हणतात, मग सुट्टीचा उपयोग काय? मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. झोपेचा परिणामही दुसऱ्या रात्रीपर्यंतच टिकतो, म्हणून कुणी झोपणं सोडत नाही. जे टिकत नाही ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, आणि जे आठव्या दिवशी शिखरावर पोचतं ते शुक्रवार जोडून घेतलेल्या तीन दिवसांत हाती लागत नाही.

हा आठवा दिवस मी स्वतः अनुभवला आहे. त्या पत्रानंतर ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा सलग दोन आठवडे घरी होते. पहिले तीन दिवस डोकं दुखलं आणि सर्दी झाली. चौथ्या दिवशीही हात सारखा फोनकडे जात होता. ताणाखाली शरीर सतत सज्ज असतं. ताणाची संप्रेरकं (हार्मोन्स) कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनालिन चढलेली, झोप उथळ, रक्तदाब वर. ही सज्जता कळ दाबून बंद करता येत नाही, ती हळूहळू उतरते. मानसशास्त्रज्ञ ज्याला कामापासून मनाने सुटणं म्हणतात, ते घडल्याशिवाय शरीर उतरणीला लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी मी सकाळी गजराशिवाय उठले आणि ऑफिसची आठवण मला दुपारी झाली. सात वर्षांत असं घडलेलं नव्हतं.

दीर्घ काळाचा पुरावा हवा असेल तर हेलसिंकीतला एक अभ्यास आहे. १९१९ ते १९३४ दरम्यान जन्मलेल्या १,२२२ पुरुष अधिकाऱ्यांना १९७० च्या दशकात त्यात घेतलं. त्या सर्वांना हृदयविकाराचा धोका होता. निम्म्यांना आहार, व्यायाम, धूम्रपान यांबद्दल नियमित सल्ला आणि गरजेप्रमाणे औषधं दिली गेली. तीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा, सल्ला मिळालेल्यांमध्ये ज्यांची वार्षिक सुट्टी तीन आठवडे किंवा कमी होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त सुट्टी घेणाऱ्यांपेक्षा ३७ टक्के जास्त निघालं. हा अभ्यास फक्त पुरुषांचा, तोही अधिकाऱ्यांचा, आणि सुट्टी कमी घेणारे झोपतही कमी होते. एकट्या सुट्टीवर सगळं श्रेय टाकता येणार नाही. पण डॉक्टरांचा उत्तम सल्ला हाताशी असूनही थकलेल्या माणसाला तो पुरला नाही, हे मला विसरता येत नाही.

माझे बाबा सरकारी नोकरीत होते. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते आणि निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचं रोखीकरण होतं. बाबांचे ३०० पूर्ण होते. त्यांनी ते अभिमानाने सांगितलं होतं आणि त्या पैशांतून माझ्या शिक्षणाचं कर्ज फिटलं, त्यामुळे याविषयी बोलताना माझा आवाज नेहमी खाली येतो. त्यांच्या नोकरीच्या काळात आम्ही चौघं सलग आठवडाभर एकत्र कुठे गेल्याचं मला आठवत नाही. निवृत्तीनंतर पहिल्याच तपासणीत त्यांचा रक्तदाब १७० च्या वर निघाला. किती वर्षांपासून तो तसा होता, हे सांगायला कुठलीच जुनी नोंद नव्हती, कारण तपासणीसाठीही त्यांनी कधी रजा टाकली नव्हती.

म्हणून रजेचे पैसे हा हक्क आहे असं कुणी म्हणालं की मी अस्वस्थ होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयक संहितेत एक बदल खरोखर चांगला आहे. पूर्वी कारखाना कायद्यानुसार पगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस काम भरावं लागे, संहितेत ते १८० झाले. रजेचा दर मात्र तोच राहिला, कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस. आणि त्याच संहितेत वर्षअखेरीस मागणी करून शिल्लक रजेचे पैसे घेण्याची मुभाही आहे. ज्या कायद्याच्या नावात आरोग्य आहे, त्यानेच आरोग्याचे दिवस विकायची सोय करून द्यावी, हे मला पटत नाही.

यावर मला नेहमी ऐकावं लागतं की तू तिकडे बसून बोलतेस, इथे पंधरा दिवसांचे पैसे म्हणजे मुलाची फी असते. हे खरं आहे आणि ते विकणाऱ्याला मी कधीच दोष देणार नाही. माझा आक्षेप विकत घेणाऱ्यावर आहे. पगार अपुरा असेल तर पगार वाढवा. माणसाची झीज स्वस्तात विकत घेऊन त्याला सवलत म्हणू नका. आणि देशातल्या बहुसंख्य कामकऱ्यांना तर पगारी रजा हा प्रकारच ठाऊक नाही. रोजंदारीवरच्या माणसाला एक दिवस घरी बसणं म्हणजे एक दिवसाचा पगार जाणं. हा लेख ज्यांना रजा आहे त्यांच्याविषयी आहे, पण त्यांनीच ती निरुपयोगी ठरवून विकली, तर ज्यांना ती मिळालेलीच नाही त्यांच्यासाठी मागायला कोण उभं राहणार? मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षं झगडून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. आज ज्याला आपण 'वीकेंड' म्हणतो, त्याच्या मुळाशी ती लढाई आहे.

जर्मनी हा स्वर्ग आहे असं मला सुचवायचं नाही. इथेही माणसं कामाने खचतात, महिनोन्‌महिने आजारी रजेवर जातात. इथेही मे २०२५ मध्ये चॅन्सेलर मेर्त्स म्हणाले की चार दिवसांचा आठवडा आणि काम-जीवन संतुलन यांच्या जोरावर देशाची समृद्धी टिकणार नाही. फरक एवढाच की या साऱ्या गदारोळात चार आठवड्यांच्या किमान रजेला धक्का लागलेला नाही.

आणि आपल्याकडे सक्तीची रजा जमतच नाही असंही नाही. बँकेत संवेदनशील पदावर असलेल्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस रजेवर पाठवावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या काळात त्याला कामाच्या यंत्रणेत प्रवेश नसतो. हेतू गैरव्यवहार उघडकीस आणण्याचा आहे, कारण काम दुसऱ्याच्या हाती गेलं की लपवलेलं बाहेर येतं. पैशांच्या सुरक्षेसाठी दहा दिवस कुणीही अपरिहार्य नसतो, हे आपण मान्य केलेलं आहे. माणसाच्या सुरक्षेसाठी तेवढंच मान्य करा, माझं मागणं याहून जास्त नाही.

माझा मावसभाऊ महाराष्ट्रातच खासगी नोकरीत आहे. त्याची रजा ४५ दिवसांवर येऊन थांबली आहे, राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात त्यापुढे साठवता येत नाही. मागच्या महिन्यात त्याला म्हटलं, सलग दोन आठवडे घे. तो म्हणाला, "ताई, पण माझं काम कोण बघणार?" २०१९ मध्ये माझ्या साहेबांनी मला हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी त्याचं उत्तर मिळेपर्यंत कॅलेंडर बंद केलं नव्हतं. याला मात्र त्याच्या ऑफिसात तो कुणी विचारलाच नव्हता.

मग आम्ही फोनवरच यादी केली. तो करतो अशी अकरा कामं निघाली. सात कामं शेजारच्या टेबलावरची सहकारी आजही करू शकते. चार फक्त त्यालाच येतात. ती चार तो तिला सध्या शिकवतो आहे, रोज जेवणानंतर अर्धा तास, आणि तिची कामं स्वतः शिकतो आहे, म्हणजे तिलाही जाता येईल. फेब्रुवारीतल्या बारा दिवसांसाठी त्याने अर्ज दिला आहे. अर्जात सहकारीचं नाव लिहिलं आहे. मंजुरी अजून आलेली नाही.