धुरकट फोटोतल्या नऊ जणी

रात्री पावणेबाराला डेटिंग ॲपच्या सूचनेनं फोन थरथरतो. सकाळी सव्वासातला कंपनीची बस असते. तरी मी कुशीवर वळून बघतोच, कारण वर लिहिलेलं असतं, "९ जणींनी तुला लाइक केलंय!" उघडावं तर नऊ चौकटी, नऊच्या नऊ धुरकट. गरम पाण्याची वाफ धरलेल्या आरशासारख्या. एकीची ओढणी पिवळी आहे एवढं कळतं. एकीच्या मागे समुद्र असावा. नाहीतर निळी भिंत. वाफ पुसायची असेल तर पैसे भरा.

भरले. हो, भरले, हसा खुशाल. महिन्याभराची वर्गणी भरून हाती काय लागलं? दोघी हजार किलोमीटर लांबच्या. तिघींचा एकेक फोटो आणि खाली शून्य मजकूर. एकीनं तिसऱ्याच मेसेजला विचारलं, "सर, ट्रेडिंग करता का?" दोन खाती मी बघेपर्यंत गायब. आणि नववी आमच्याच मजल्यावरची, अकाउंट्समधली. तिनं दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये गळ्याला हात लावून सांगितलं की चुकून अंगठा लागला.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळे जास्त जळतं. तो फोटो त्यांच्या सर्व्हरवर स्वच्छ पडलेला असतो. तो किती धुरकट करायचा हे माझ्यासारखाच एखादा पगारदार खुर्चीत बसून ठरवतो. कुतूहल टिकलं पाहिजे, ओळख पटता कामा नये. अर्ध्या लोकांना एक नमुना, उरलेल्यांना दुसरा, आणि ज्याच्यावर जास्त जणांनी कार्ड काढलं तो पक्का. आम्ही हेच करतो, फक्त बटणाच्या रंगासाठी. इथे माणसाच्या एकटेपणावर करतात.

आणि हा निव्वळ माझा संशय म्हणू नका. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, मॅच ग्रुपवर दावा लावला होता. मॅच डॉट कॉम, टिंडर, हिंज ही डेटिंग ॲप्स याच कंपनीची. आरोप काय, तर ज्या खात्यांवर लबाडीचा संशय कंपनीला स्वतःलाच होता, त्यांनी 'तुमच्यात रस दाखवलाय' अशा सूचना मॅच डॉट कॉमवरच्या लोकांना पाठवून त्यांना वर्गणी भरायला लावलं. कंपनीनं आरोप नाकारले, हा आरोप कोर्टानं २०२२ मध्ये फेटाळलाही, आणि दाव्यातलं उरलेलं प्रकरण कंपनीनं २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर देऊन मिटवलं. माझं ॲप वेगळं आहे. पण ही बातमी वाचली तेव्हा मला ती पिवळी ओढणी आठवली.

आई म्हणते, त्यापेक्षा वधूवर सूचक मंडळात नाव घाल. पूर्वी घातलं होतं. सदाशिव पेठेतला दुसरा मजला, लोखंडी कपाट, प्लॅस्टिकच्या फायली आणि चष्म्यावरून बघणाऱ्या काकू. त्या काकूंचं मी कौतुक करणार नाही. पहिला प्रश्न पोटजात, दुसरा पगार, तिसरा "घर स्वतःचं का?" मुलींच्या फॉर्मवर वर्णाचा रकाना होता आणि त्याची कुणालाच लाज नव्हती. पण एक गोष्ट कबूल करावी लागेल. त्यांनी नोंदणीचे पैसे एकदाच घेतले आणि त्यानंतर माझी फाईल कपाटातून कधी एकदा जातेय याची त्यांनाच घाई. जमलेल्या लग्नाच्या पत्रिका त्या काचेखाली लावून ठेवत, कारण त्यावरच पुढची गिऱ्हाइकं येत. ॲपचं बरोबर उलटं आहे. माझं जमलं की त्यांचे एका फटक्यात दोन ग्राहक जातात. हिंजवर तर म्हणे जाहिरातच आहे, हे ॲप डिलीट व्हायलाच बनवलंय. सुंदर. मग रोज परत बोलावता कशाला? २०२४ च्या १४ फेब्रुवारीला, मुहूर्त बघा, सॅन फ्रान्सिस्कोत काही वापरकर्त्यांनी नेमकं हेच म्हणत कोर्टात धाव घेतली, की टिंडर, हिंज ही ॲप्स व्यसन लागावं अशीच रचलेली आहेत. कंपनीनं हेही नाकारलं.

व्यसनाचं शास्त्र काही नवं नाही. बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दरवेळी दाणा मिळाला तर कबूतर भूक भागेपर्यंत मारतं आणि गप्प बसतं. कधीच मिळाला नाही तर काही वेळानं नाद सोडतं. पण कधी तिसऱ्या चोचीला, कधी चाळिसाव्या, असा बेभरवशाचा मिळाला तर थांबतच नाही. जुगाराची मशिनं यावरच चालतात. आणि फोटो नको तर डावीकडे, आवडला तर उजवीकडे सरकवणारा आमचा अंगठाही. डावीकडे, डावीकडे, डावीकडे, उजवीकडे, टण्ण!

पण खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे.

मागच्या महिन्यात एकीला भेटलो. चिंचवडची, फार्मा कंपनीत. चार दिवस नीट बोलणं झालेलं, म्हणजे 'हाय, कशी आहेस, जेवलीस का'च्या पुढचं. रविवारी सकाळी मिसळ खायला गेलो. छान बोलत होती. तिच्या बॉसची नक्कल करताना तर मला ठसका लागला. मग ती हात धुवायला उठली आणि मी, कुणी सांगितलं नव्हतं, काही गरज नव्हती, पण फोन काढून तेच ॲप उघडलं. सहज. जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तसं. आणि समोर तिचंच प्रोफाइल, त्यावर हिरवा ठिपका. 'आता ऑनलाइन.'

बेसिनपाशी उभी राहून तीही तेच करत होती.

ती परत आली. मी फोन उलटा ठेवला, तिनं पर्समध्ये टाकला. आम्ही आणखी एक पाव मागवला. दोघांनाही कळलं होतं की नाही, देव जाणे. पुढे तिचाही मेसेज आला नाही, माझाही गेला नाही. एवढी हसवणारी मुलगी समोर असताना मी काय शोधत होतो? आणखी थोडी उंच? शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा जॅमचा एक प्रयोग आहे, २००० साली छापून आलेला. दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तर चाखायला थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी विकत घेतला, ६ च मांडले तर ३० टक्क्यांनी. पुढे त्यावर वाद झाले, सगळीकडे तसंच होतं असं नाही. पण माझ्या खिशात २४ नाहीत हो, संपूर्ण पुणे जिल्हा आहे!

आणि ते 'तुमचं ९१ टक्के जुळतं'! याला कसला आधार? ओकेक्युपिड या डेटिंग साइटनं २०१४ मध्ये आपण होऊन सांगून टाकलं की, ज्यांचं ३० टक्केच जुळत होतं अशा काही जोड्यांना त्यांनी मुद्दाम ९० टक्के दाखवले होते. आणि लोक जास्त बोलायला लागले! म्हणजे गुरुजींनी १२ गुणांचे ३३ करून द्यावेत आणि दोन्हीकडच्यांनी पेढे वाटावेत. आम्ही पत्रिका बघणाऱ्या मावशीला हसायचो.

काल शेवटी वर्गणी बंद करायला गेलो. बटण सापडायला सहा पडदे. मग "खरंच जायचंय?", मग निम्म्या किमतीची ऑफर, मग "तुझ्यासाठी ४ जणी थांबल्यात", चारही धुरकट. त्यानंतर 'जाण्याचं कारण' म्हणून यादी. पहिलाच पर्याय, 'मला कुणीतरी भेटलं', बाजूला बदामाचं चित्र. मी 'इतर' निवडलं आणि लिहायला लागलो. पिवळी ओढणी, अकाउंट्सवाली, हिरवा ठिपका, सगळं. काकूंपर्यंत आलो आणि टायपिंग थांबलं. शंभर अक्षरांची मर्यादा.