स्काऊट म्हणजे कवायत नव्हे

जून 2025 मध्ये महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचा विचार मांडला आणि त्यासाठी माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी व स्काऊट-गाईड यांची मदत घेण्याचे सूतोवाच केले, तेव्हा ठाण्यातल्या आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोन तट पडले. मुलांना शिस्त लागेल, असे ताईला वाटत होते. सहा वर्षांच्या मुलाला आधी मनसोक्त खेळू द्यावे, असे भावोजींचे म्हणणे होते. इंग्लंडात रेडिंगला बसून मी दोघांचे वाचत होते. मला खटकली ती तिसरीच गोष्ट. त्या यादीत स्काऊट-गाईडचे नाव माजी सैनिकांच्या शेजारी आले आणि दोघांपैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

वाटावे तरी कसे? नौपाड्यातल्या माझ्या शाळेत गाईड म्हणजे गणवेश, स्कार्फ, शिटी आणि 26 जानेवारीचे संचलन एवढेच होते. डॉक्टरी गाठ आम्ही फळ्यावरची आकृती पाहून वहीत उतरवली. येऊरचे जंगल इतके जवळ असताना पथक तिकडे एकदाही गेले नाही. ‘खरी कमाई’च्या, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याच्या, दिवशी आयांनी करून दिलेली भेळ आम्ही विकली आणि आलेले पैसे बाईंकडे जमा केले. या साऱ्यात आमच्या बाईंचा दोष नव्हता, कारण स्काऊट-गाईडचे काम त्यांच्या तासिकांवर आणि निवडणुकीच्या कामांवर वरून लादलेले होते.

माझी अकरा वर्षांची मुलगी इथे दर गुरुवारी संध्याकाळी स्काऊटला जाते. (इथल्या सर्व पथकांना 2007 पासून मुलींसाठीही दार उघडावे लागले.) सहा-आठ मुलांचा एक संघ असतो आणि तिच्या संघाची नायिका तेरा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यातल्या शिबिरात जेवण काय करायचे, त्यासाठी किती पैसे लागतील आणि सामान कोण आणेल, हे मुलांनीच ठरवले. पहिल्या रात्री पास्ता खाली लागला. जवळ उभ्या असलेल्या दोन्ही मोठ्या माणसांनी आगीवर लक्ष ठेवले, मात्र चमचा हातात घेतला नाही. मुलांनी करपलेला भाग बाजूला काढून उरलेले वाटून खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी आच कमी ठेवली. माझ्या मते स्काऊटची खरी शिस्त ती हीच, आणि ती हुकमाने लावता येत नाही.

संस्थापक बेडन-पॉवेल सैन्याधिकारी होते, हे खरेच आहे. परंतु 1907 साली ब्राउन्सी बेटावर त्यांनी वीस मुलांचे जे पहिले शिबिर भरवले, त्यात वेगवेगळ्या सामाजिक थरांतली मुले छोट्या संघांत विभागून त्यांच्यातल्याच नायकांच्या हाती सोपवली होती. चळवळ लष्करी वळणावर जात आहे का, हा वाद ब्रिटनमध्ये तेव्हाच पेटला आणि 1909 मध्ये स्काऊटचे लंडनचे आयुक्त सर फ्रान्सिस व्हेन यांना त्यापायीच पद सोडावे लागले. आपल्याकडे आरंभी भारतीय मुलांना प्रवेशच नव्हता. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासेत आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत स्वतंत्र संघटना उभ्या केल्या, त्यांतल्या दुसरीच्या नावातच ‘सेवा समिती’ होती. 1950 मध्ये या प्रवाहांतूनच भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली. हा वारसा कवायतीचा नाही.

लोकप्रिय संस्कृतीतही हा धागा तुटला आहे. बेअर ग्रिल्सला ठाण्यातली मुले दूरचित्रवाणीवरून ओळखतात. पण तो 2009 ते 2024 या काळात ब्रिटनचा मुख्य स्काऊट होता, हे माझ्या भाच्याला ठाऊक नव्हते. इथले चिमुकले कब, म्हणजे स्काऊटच्या आधीच्या वयोगटातली मुले, आपल्या पुढाऱ्याला ‘अकेला’ म्हणतात. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या लांडग्याचे हे नाव आपल्याच मुलखातले आहे, हे मुलीला सांगितले तेव्हा तिला फार अप्रूप वाटले.

इथले सगळे निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. स्वयंसेवक पुरेसे नसल्याने मुलांना प्रतीक्षायादीत ताटकळावे लागते. वर्गणी, तंबू, बूट हा खर्च सर्वांना झेपत नाही. आपल्याकडे स्काऊट शाळेत असल्याने तो महापालिकेच्या शाळेतल्या मुलापर्यंतही पोहोचू शकतो. हे बळ सोडता कामा नये. मात्र शाळेच्या जोडीला वस्तीतली खुली पथकेही निघायला हवीत, ज्यांची सोय संस्थेत आहेच. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत नुकत्याच निवृत्त झालेल्या, डोंगर चढणाऱ्या आणि हाताशी वेळ असलेल्या माणसांची वाण नाही. त्यांची पोलीस पडताळणी व्हावी आणि कोणीही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा राहणार नाही हा इथला नियम तिथेही कसोशीने पाळला जावा, एवढी अट मी आई म्हणून घालीन.

ताई म्हणते, आईबाप आठच्या लोकलने घरी येतात, मग हे व्हायचे कधी? तिच्याच संकुलाचे क्लबहाऊस रविवारी सकाळी नऊ ते अकरा रिकामे असते. येत्या सर्वसाधारण सभेत ते दोन तास मागणारा अर्ज मी तिला लिहून पाठवला आहे आणि त्यावर भावोजींनीही सही केली आहे.