ह्यांचं खुराडं

आमच्या घरात फुकटात आलेली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. लाकूड फुकट, कारण ते जुन्या कपाटाचं. कौलं फुकट, कारण गोठा पाडला तेव्हा ती उतरवून ठेवली होती. दार फुकट, कारण ते न्हाणीघराचं. त्याला कडी आतून आहे आणि ती कोंबड्यांना लावता येत नाही, एवढीच काय ती अडचण. विकत आणावं लागलं ते फक्त खिळे, बिजागऱ्या, जाळी, करवत, करवतीला धार लावायची कानस आणि त्याच करवतीने अंगठा कापल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन.

हे निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "आता परसात काहीतरी करीन." मला वाटलं, मिऱ्याच्या वेलींना आधार देतील. फोंड्याकडे आमचं लहानसं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे, करणाऱ्याला तिथे काम कमी नाही. पण ह्यांनी जन्मभर कचेरीत नकाशे काढले. ज्याचा नकाशा निघत नाही अशा कामाला ह्यांचा हात लागत नाही. मिऱ्याच्या वेलीचा नकाशा निघत नाही. खुराड्याचा निघतो. हे जुन्या गोव्याजवळ एल्याला जाऊन किनारी शेती संशोधन संस्थेत चौकशी करून आले, आणि मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पाय बांधलेल्या कोंबड्या पिशवीत घालून घरी आणल्या. एक तांबडी, एक काबरी, मानेवर पिसं नसलेली बोडकी, अशा चार-पाचजणी आणि एक कोंबा.

सासूबाईंनीही आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, पण त्या एका डालग्यावर. तिन्हीसांजेला डालगं पालथं घालायचं, वर दगड ठेवायचा, झालं. ह्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. एका कोंबडीला आत चार चौरस फूट जागा, वारा खेळायला वरच्या बाजूने जाळी, बसायला आडव्या दांड्या, सगळं मापात. सासूबाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि विचारलं, "तुवें कोंबयेक विचारलें?"

विचारलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी सगळ्या कोंबड्या फणसावर चढून बसल्या.

रानकोंबडे रात्री झाडावरच झोपतात. ह्यांनी हे मला फणसाच्या दुसऱ्या फांदीवरून, तोंडात बॅटरी धरून समजावलं. शिवाय आपल्या कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग म्हणे सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याकडून आलेला आहे, शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये जनुकं तपासून दाखवलंय. मी खाली शिडी धरून उभी होते. त्या पिवळ्या पायांनी बोडकी एकेक फांदी वर सरकत होती आणि मागोमाग हे. शेवटी सासूबाई पडवीतून ओरडल्या, "अरे, चार दिवस आत कोंडून घाल. मग आपसूक येतात." तसंच झालं. नकाशात ही ओळ नव्हती.

मग मुंगूस. ह्यांनी लावलेली षटकोनी जाळी दिसायला सुरेख. कोंबडी आत ठेवायला ती पुरते, मुंगसाला बाहेर ठेवायला पुरत नाही. त्याने कोपरा उचकटला आणि एक कोंबडी नेली. मग अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी आली, ती जमिनीत फूटभर पुरली गेली, आणि तेवढ्या पैशांत आमची दिवाळीची खरेदी झाली असती. त्यानंतर आली घोरपड. ती जाळीच्या वाटेलाच गेली नाही, सरळ न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीतून आत शिरली. अंडी खाल्ली आणि दमून तिथेच पहुडली. ह्यांनी झाडू उचलला, तेवढ्यात शेजारच्या कॉलेजकुमाराने कुंपणावरून कायदा सांगितला, घोरपड वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, धक्का लावाल तर आत जाल. आमची काबरी कुठल्याच अनुसूचीत नाही. सर्पमित्र येईपर्यंत आम्ही सगळे त्या घोरपडीला चहाला आलेल्या पाहुण्यासारखी अदब दाखवत बाहेर उभे होतो.

पावसाळ्याचं वेगळं काय सांगायचं? आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तो कौलांतून येत नाही, आडवा येतो. पश्चिमेच्या बाजूला ह्यांनी निवडणुकीनंतर रस्त्याकडेला पडलेला फ्लेक्स बांधला. त्यावरचे उमेदवार हात जोडून, हसतमुखाने, चारही महिने कोंबड्यांपुढे उभे होते. फ्लेक्सवर 'सदैव तुमच्या सेवेत' असं लिहिलेलं. खरं सांगायचं तर निवडून आलेल्यांपेक्षा त्यांनी पाऊस बराच अडवला. खाली भाताचा तूस पसरलेला. तो ओला झाला की असा वास सुटतो की डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून दर दोन दिवसांनी मी तो दाताळ्याने वरखाली करायची. नकाशात हे काम 'देखभाल' या सदरात होतं आणि त्यापुढे माझं नाव होतं.

अंडी घालायला ह्यांनी बिअरचे रिकामे क्रेट आडवे मांडून त्यात गवत भरलं. गोव्यात एवढे क्रेट जमवायला कष्ट पडत नाहीत. पण आलेला प्रत्येक पाहुणा ते मोजतो, आधी ह्यांच्याकडे बघतो आणि मग सहानुभूतीने माझ्याकडे. क्रेट प्रत्येकीला एकेक. अंडी घालतात सगळ्या एकाच क्रेटमध्ये. तांबडी आत बसली की बोडकी बाहेर उभी राहते, एक पाय वर, मान वाकडी. मिनिटभर थांबते, मग कॉक-कॉक करून सगळं परस डोक्यावर घेते. शेजारचे क्रेट रिकामे. तरी तिला हाच हवा. शेवटी ती तांबडीच्या अंगावर चढून बसते आणि दोघी मिळून भिंतीकडे बघत राहतात. हा प्रकार मी भात शिजत ठेवून बघत बसते आणि भात करपतो.

मध्यंतरी अंडी मऊ यायला लागली. हातात घेतलं की नुसता पापुद्रा, आतलं बलक इकडून तिकडे हलताना बोटांना कळतं. कवच म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, तो कमी पडतोय, असं निदान झालं. आमच्याकडे औषध फुकट होतं. गोव्याच्या घरात तिसऱ्यांच्या शिंपल्या कधी कमी पडत नाहीत. हे दर रविवारी तिसऱ्या आणायला लागले. सुकं आम्ही खायचं, शिंपल्या धुऊन, भाजून, कुटून कोंबड्यांना. अंडी टणक झाली. तिसऱ्यांचा खर्च मात्र 'पशुखाद्य' म्हणून लिहिला गेला.

इथवर ठीक होतं. मे महिन्यात ह्यांनी अंडी उबवायचं यंत्र करायला घेतलं.

पेटी मासळीची, थर्माकोलची. ती कितीही वेळा धुतली तरी तिच्यातून बांगड्यांचा वास जाईना, त्यामुळे घरातली मांजर रात्रंदिवस पेटीसमोर ध्यान लावून बसायची. आत साडेसदतीस अंश तापमान हवं. त्यासाठी ह्यांनी बल्ब लावला. पारा जागचा हलेना. तो बल्ब निघाला एलईडीचा, वीज वाचवणारा. उजेड लख्ख, ऊब नाही. तारेचा जुना बल्ब आता दुकानात सहसा मिळत नाही, मागितला तर दुकानदार आपल्याकडे वयाच्या अंदाजाने बघतो. अखेर फोंड्याच्या एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेले दोन मिळाले. एक रस्त्यात फुटला.

अंड्यांच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. अठराव्या दिवसापर्यंत ती दिवसातून तीन-चार वेळा फिरवायची, म्हणजे पिल्लू कवचाला चिकटत नाही. रात्रीचा गजर ह्यांच्या मोबाइलवर वाजे, उठायची मी. अर्ध्या झोपेत फुली की गोल हे ठरवताना मला शाळेतली गणिताची परीक्षा आठवायची. आठवडा झाल्यावर ह्यांनी खोलीत अंधार करून मोबाइलचा उजेड अंड्याखाली धरला. आत लाल बारीक शिरांचं जाळं आणि मधोमध एक काळा ठिपका. तो हलला. आम्ही दोघं एकदम गप्प. मांजरही गप्प.

त्यानंतर वळवाचा पाऊस आला, विजा कडाडल्या, आणि दिवे गेले. ते लगेच येतील अशी आशा आमच्या गावात कोणी धरत नाही. ह्यांनी पेटीभोवती आईची गोधडी गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि रात्रभर उशाशी बसले. माझ्या बाळंतपणात हे इतके जागले नव्हते. तेही मी त्यांना त्याच रात्री सांगितलं.

या गडबडीत, पेटी लावली तेव्हापासूनच, तांबडी नाहीशी होती. मुंगसाने नेली असं धरून चाललो. एकविसाव्या दिवशी पेटीतून एकच पिल्लू बाहेर आलं, ओलं, लडबडलेलं, आणि मांजराकडे बघून चिवचिवलं. दुसऱ्या दिवशी लाकडं ठेवायच्या खोपीमागून तांबडी आली. पाठीमागे नऊ पिल्लांची रांग.

ती इतके दिवस खुडूक बसली होती. सासूबाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनीच सगळ्यांची अंडी गोळा करून तिच्याखाली ठेवली होती, विषम आकडा बघून. रोज तांदळाची मूठही तिथेच जात होती.

"आई, मला सांगितलं का नाहीस?" हे जवळजवळ रडकुंडीला आलेले.

"सांगितलं असतं तर तिलाही थर्मामीटर लावला असतास."

रात्री सासूबाईंनी पेटीतलं पिल्लू हळूच तांबडीच्या पंखाखाली सरकवलं. सकाळी उठून तिने मोजदाद केली नाही. कोंबडी अंधारात दिलेलं पिल्लू मुकाट्याने पदरात घेते.

कोंब्याविषयी थोडक्यात. पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे भोंपू वाजवत यायच्या कितीतरी आधी हा आरवतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा ह्यांनी त्यांना जपानमधल्या नागोया विद्यापीठाचं 2013 चं संशोधन ऐकवलं. कोंबडा उजेड बघून नाही, शरीरातल्या घड्याळाप्रमाणे आरवतो. शेजाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शागुतीला किती किलो भरेल?"

मग आलं स्वयंचलित दार. पहाटे उठून कोंबड्या सोडायचा ह्यांना कंटाळा आला होता. उजेड पडला की दार वर, अंधार झाला की खाली, असं ते यंत्र. गाडीच्या काचेची जुनी मोटर, सायकलची साखळी आणि उजेड ओळखणारा एक वाटाण्याएवढा तुकडा. दसऱ्याला पूजा करून बसवलं. अगदी बिनचूक चाललं. ह्यांनी ते बघायला माणसं बोलावली.

दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावरच्या पोरांनी आमच्या फाटकासमोर नरकासुर उभा केला. बांबूचा सांगाडा, आत पोटभर गवत, वर कागद, लाल जीभ, हातात तलवार. दोन मजली. मध्यरात्रीनंतर स्पर्धेसाठी त्याच्यावर मोठे दिवे सोडले गेले आणि त्यातल्या एकाचा झोत थेट आमच्या खुराड्यावर पडला. यंत्राने आपलं काम केलं. दार वर गेलं.

आम्ही कानात कापूस घालून झोपलो होतो. पहाटे अभ्यंगस्नानाला उठलो तर खुराडं सताड उघडं. बोडकी ढोलताशाच्या पोरांकडून शेव खात होती. कोंबा स्पीकरशी वाद घालत होता. नरकासुर जाळायची वेळ होऊन गेली होती तरी तो उभा होता, आणि पोरं काडेपेटी हातात घेऊन ताटकळत होती. त्याच्या उजव्या पायाच्या गवतात तांबडी शिरून बसली होती. हात घातला की टोचत होती. एकाच्या बोटातून रक्त आलं होतं.

ह्यांनी पाय मोजायला टेप काढला. कुठून कापला तर तोल जाणार नाही, याचा अंदाज घेत होते.

सासूबाई हातात काठी घेऊन फाटकाशी आल्या, वाकून आत पाहिलं आणि पोरांना थांबवत म्हणाल्या, "रावात रे मातशें. तिचें जांव दी."