बर्फाआधीचा सराव आणि थाळीतलं पाणी

स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांवरच्या लेखातलं 'बर्फ पडला की कुत्र्यांचा सराव सुरू होतो' हे वाक्य पटलं नाही. अलास्काकडं स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचा सराव पानगळीतच, हवा जरा गार झाली की सुरू होतो. बर्फ नसतो, म्हणून त्यांना एटीव्हीला (जाड चाकांच्या छोट्या उघड्या मोटारगाडीला) जुंपतात नि वेग मुद्दाम आवरून धरतात. बर्फ येईस्तोवर अंगात दम भरलेला असतो. आमच्या खानापूरकडं शर्यतीच्या बैलांना काय मैदानाच्या आदल्या दिवशी पळवायला काढतात?

या कुत्र्यांना पाणी कसं पाजतात, ते मात्र लेखात झकास टिपलंय. थंडीत कुत्रं नुसत्या पाण्याला फारसं तोंड लावत नाही, म्हणून तिथं कोमट पाण्यात मांस, चरबी कालवून देतात. माझ्याकडं मुधोळ कुत्री आहे. मागच्या डिसेंबरात सकाळी थाळीतलं गार पाणी हुंगायची नि तोंड फिरवायची. शेवटी आईनं मटण उकडलेलं पाणी, मीठ-कांदा काही न घालता, कोमट करून ओतलं. बाईसाहेबांनी चाटून चाटून थाळी पार तुळशीकट्ट्यापर्यंत ढकलत नेली! (हे वाचून कुणी मुधोळला गाडी ओढायला लावू नका बरं. सशामागं धावणारी, आखूड केसांची जात ती. आमच्या थंडीतच पोत्यावर मुटकुळं करून बसते.)