'हाडाच्या गाठीला सुई लावू नका' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: "हाडाच्या गाठीला सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो. डॉक्टर शेवटी पाय कापतातच. त्यापेक्षा मालिश करा. गाठ काढायचीच असेल तर हाडांचा कुठलाही डॉक्टर चालतो."

सुईचं आधी. बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, केल्याशिवाय गाठ कसली ते ठरत नाही आणि ते ठरल्याशिवाय केमो सुरू होत नाही. सुईने कॅन्सर अंगभर पसरतो याला आधार नाही. पण या अफवेच्या बुडाशी एक खरी गोष्ट आहे. सुई ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात. म्हणूनच ऑर्थोपेडिक ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे हाडांच्या कॅन्सरचा सर्जन, आधी एमआरआय बघतो, पुढच्या ऑपरेशनची चीर कुठून घ्यायची ते ठरवतो आणि सुई त्याच रेषेवरून जाईल असं पाहतो. मग गाठीबरोबर ती वाटही काढून टाकता येते. गुडघ्यावर आडवी चीर घेऊन कुणी घाईघाईत तुकडा काढला, तर पुढच्या सर्जनला जास्तीची कातडी नि स्नायू काढावे लागतात, आणि कधीकधी वाचू शकणारा पायही जातो. अमेरिकेत हाडांच्या गाठींचे सर्जन हेन्री मॅनकिन यांच्या १९९६ सालच्या पाहणीत ५९७ रुग्ण होते. उपचार-केंद्राऐवजी आधीच्याच रुग्णालयात बायॉप्सी झालेल्यांत चुका आणि गुंतागुंत २ ते १२ पट जास्त निघाली. तेव्हा घाबरायचंच तर चुकीच्या हातातल्या सुईला घाबरा.

'कुठलाही डॉक्टर चालतो' यालाही उत्तर हेच. मोडलेलं हाड बसवण्यात आपले डॉक्टर वाकबगार आहेत, प्रश्न त्यांच्या हाताचा नाही. पण किरकोळ धक्क्याने मांडीचं हाड मोडलं आणि ते गाठीमुळे मोडलंय हे न ओळखता आत रॉड घातला, तर गाठीच्या पेशी हाडाच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत पोचतात.

पाय कापतातच? १९७० च्या आधी ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरात बहुधा तसंच होतं, आणि पाय कापूनही पाचांतला जेमतेम एक जण वाचायचा. केमो आली आणि चित्र पालटलं. आता आधी दहाएक आठवडे केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. आजार इतरत्र पसरलेला नसेल तर साधारण ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांपुढे जगतात, आणि बहुतेकांचा पाय राहतो. काढलेल्या हाडाच्या जागी धातूचा मोठा सांधा बसवतात. वाढत्या मुलांसाठी लांबी वाढवता येणारे सांधेही असतात. काही वेळा रुग्णाचंच हाड बाहेर काढून, त्यावर किरणोत्सार करून पुन्हा बसवतात. शिवाय हाडाची प्रत्येक गाठ कॅन्सर नसतेच. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची छोटी गाठ रात्री ठणकते, आणि ती अनेकदा सुईतून उष्णता देऊन जाळता येते.

मालिशबद्दल एवढंच, की त्यात महिने जातात. आपल्याकडे पोरगं फुटबॉल खेळतं, त्यामुळे गुडघ्याची सूज 'लागलं असेल' म्हणून खपते. रात्री ठणका, वाढती सूज, दोन-तीन आठवड्यांत उतार नाही, असं असेल तर तेल राहू द्या नि एक्स-रे काढा.

एक्स-रेत संशय आला तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसी) दाखवा आणि बायॉप्सीआधीच विचारा, पुढचं ऑपरेशन कोण करणार. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जायचं ठरलं, तर रिपोर्टच्या कागदांवर भागत नाही. एमआरआयची सीडी न्या, आणि बायॉप्सी आधीच झाली असेल तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या.